प्रतिसाद: डॉक्टर मंत्री झाला म्हणून आजार हटतो का?

'आजार ओळखणारा डॉक्टरच आरोग्यमंत्री हवा' हे वरचं मत अर्धंच पटलं. डॉ. सी. पी. ठाकूर यांचंच उदाहरण घ्या. पाटण्यातले डॉक्टर, काळा आजारावरचे (कालाझार, वाळूमाशी चावल्याने पसरणारा जीवघेणा ताप) नावाजलेले संशोधक. १९८४ साली काँग्रेसकडून आणि पुढे १९९८, १९९९ ला भाजपकडून पाटण्याचे खासदार, २००० मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री.

त्यांचं संशोधन अगदी खाटेपाशी उभं राहून केलेलं. या आजारावरचं जुनं औषध म्हणजे अँटिमनीची इंजेक्शनं. ती बिहारमध्ये लागू पडेनाशी झाली, तेव्हा डोस आणि दिवस किती वाढवायचे, हे त्यांनी रुग्णांवर तपासलं. मग ॲम्फोटेरिसिन बी हे दुसरं औषध आलं. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, साधारण १५ ते २० सलाइनी. आपण 'सलाइन' म्हणतो खरं, पण हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. मिठाच्या पाण्यात त्याचा साका बसतो. या औषधाने थंडी वाजून ताप येतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे खाट हवी, रक्ततपासणी हवी.

इथेच मंत्र्याचं काम सुरू होतं आणि ते वेगळं असतं. रोग पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहते. फवारणी वेळेवर झाली नाही, गोठा फवारायचा राहिला, की बरा केलेल्या रुग्णाच्या शेजारी नवा रुग्ण. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात काळा आजार २०१० पर्यंत संपवायचं ठरलं होतं. ती मुदत हुकली. औषधाचं ज्ञान दिल्लीत होतं. फवारणीचा पंप मात्र गावात पोचायला हवा होता.