गिटारची साइड कंबरेतच तडकतेय, काय चुकतंय?

खुंटीपिळ्या:
मंडळी, पहिलीच अकूस्टिक गिटार बनवतोय. ड्रेडनॉट (रुंद कंबरेचा मोठा आकार) सोपी पडेल असं सगळे सांगत होते पण ओएमची (ऑर्केस्ट्रा मॉडेल) बारीक कंबर आवडली म्हणून तीच घेतली आणि तिथेच अडकलो. साइडला, म्हणजे बाजूच्या वाकवायच्या पट्ट्यांना, शिसव आहे, वखारीतून फळी आणून पट्ट्या चिरून घेतल्या, ३२ इंच लांब. वाइसमध्ये लोखंडी पाइप आडवा धरून आतून गॅस टॉर्च लावतो आणि तापल्या पाइपवर पट्टी वाकवतो. पट्टी रात्रभर टबात भिजवली होती, सकाळी पाणी चहासारखं झालं म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळंच. खालचा मोठा बाक मस्त आला पण कंबरेचा उलटा बाक घ्यायला गेलो की कट्ट! पाइपच्या विरुद्ध अंगाने दोन इंचाची ढलपी उभी. एक अख्खी जोडी गेली, आता एकच जोडी उरलीय. अजून जास्त भिजवू का? की सरळ उकळू?

रंधेवाला:
उकळू नकोस बाबा. लाकूड पाण्याने वाकत नाही रे, उष्णतेने वाकतं, आतलं लिग्निन (तंतू धरून ठेवणारा पदार्थ) गरम होऊन मऊ पडतं तेव्हा. पाण्याचं काम फक्त वाफ करायची आणि लाकूड जळू द्यायचं नाही. रात्रभर भिजवलं की शिसवीचा रंग उतरतो (तुझा चहा तोच) आणि पट्टी रुंदीत पन्हळीसारखी वळते. मी ओलं फडकं फिरवतो, अगदीच वाटलं तर अर्धा तास भिजवतो, बस.
पण खरा प्रश्न जाडीचा आहे, ती तू सांगितलीच नाहीस. शिसव २ ते २.२ मिमीला आण. ३ मिमीची पट्टी २ मिमीपेक्षा साधारण साडेतीन पट ताठ असते, ती वाकणार नाही, मोडेलच.
पाइपवर थेंब टाकून बघ, टणाटण नाचत पळाला पाहिजे, जागेवर चुरचुरत बसला तर पाइप थंड आहे. मग पट्टी टेकवून नुसती हलकी डोलवत राहायची, जोर नाही लावायचा. अचानक हाताखाली लाकूड ढिलं पडल्यासारखं वाटतं तो क्षण पकडायचा. आणि कंबर सगळ्यात आधी घे, मोठे बाक नंतर.

जुनाशिसव:
वरचं बरोबर आहे पण मला फळीवरच संशय आहे. वखारीत चिरणारा दार-चौकटीच्या हिशोबाने चिरतो, त्याला गिटारशी काय घेणं. पट्टीची कड बघ, रेषा लांबीभर समांतर जातात की तिरक्या होऊन पृष्ठभागातून बाहेर पडतात? तिरक्या असतील तर तिथून ढलपी उठणारच, पाइप कितीही तापव.
विरुद्ध अंगाला पातळ स्टीलची पट्टी धरून दोन्ही एकदम वाकव, तंतू दबून राहतात. आणि पाइप पाणीवाला गॅल्वनाइज्ड नाही ना? टॉर्चने जस्त तापलं की धूर विषारी असतो, साधा काळा पाइप घे.
बारीक चीर गेली तर रडू नकोस. कंबरेत पाइपला गिटारची बाहेरची बाजू लागते, त्यामुळे चीर आतल्या अंगाला येते, सरस भरून दाबली की कोणाला दिसत नाही. जळका डाग मात्र बाहेर पडतो, तो घासत बसावं लागतं.

मिरजकर_तंबोरा:
आमच्याकडे बरंय, तंबोऱ्याचा भोपळा शेतातूनच वाकून येतो 😄

खुंटीपिळ्या:
आत्ता व्हर्नियर लावला. टोकांना २.३ आणि कंबरेच्या जागी २.९!! पॉलिश पेपर मारताना हात कडेलाच जास्त फिरला असणार, मध्ये पोट राहिलं. रेषा ठीक वाटतायत, एका टोकाला थोड्या तिरक्या. पाइप काळाच आहे. उद्या रंधा मारून २.१ करतो आणि आधी मोडक्या तुकड्यावर हात बसवतो.

रंधेवाला:
मग झालं काम. आणि कंबर वाकली की हवी त्यापेक्षा थोडी जास्तच वाकव, थंड झाली की परत उघडते. गरम असतानाच साच्यात घालून क्लॅम्प लाव आणि रात्रभर हात लावू नकोस. मोडक्यातला एक बरा तुकडा ठेव, हेडस्टॉकवर (खुंट्या बसतात त्या टोकावर) चिकटवायला होईल.