पोलिसांवर देखरेख कोणी ठेवायची: जिल्ह्याने की मंत्रालयाने?

पायवाट

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. त्यातला एक असा: पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक स्वतंत्र प्राधिकरण हवं. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, उपअधीक्षक दर्जापर्यंतच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी त्यांच्यापुढे, आणि त्यांची शिफारस बंधनकारक.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियम दुरुस्त केला. प्राधिकरण आलं, पण जिल्हा गळला आणि विभाग आला. सावंतवाडीच्या माणसाला ठाण्यात मारहाण झाली तर त्याचा विभाग कोकण, म्हणजे नवी मुंबई, चारशे किलोमीटरहून लांब. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर. रोजंदारी बुडवून तिथवर कोण जाणार? गेला तरी दुसऱ्या तारखेला कोण जाणार?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. तक्रार ऐकणारी जागा जिल्ह्यात हवी आणि तिच्या निकालाला वजन हवं. शाळेचा, पाण्याचा, रस्त्याचा जाब आपण जिल्हा परिषदेत विचारू शकतो. पोलिसांचा जाब मात्र थेट गृहखात्याकडे. असं का?

बंदोबस्त

पूर्ण असहमत. मी पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. ज्या दिवशी ठाण्याच्या कारभारावर जिल्ह्यातली माणसं बसतील, त्या दिवसापासून त्या खुर्च्यांसाठी रस्सीखेच सुरू होईल. आजही वाळूचा ट्रॅक्टर पकडला की दहा मिनिटांत फोन येतो. उद्या तोच फोन करणारा देखरेख समितीचा सदस्य असेल, आणि मला त्याला 'सर' म्हणून अहवाल द्यावा लागेल.

शिवाय तक्रारी कोण करतं तेही बघा. ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो त्याचा वकील पहिला सल्ला देतो, तपास अधिकाऱ्याविरुद्ध अर्ज टाका. विभागीय चौकशी आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, मानवी हक्क आयोग आहे, कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकारी चौकशी आहे, आणि वर उच्च न्यायालय. एवढी दारं असताना आणखी एक कशाला? ठाण्यात माणूसबळ अपुरं, त्यातले निम्मे बंदोबस्ताला, उरलेल्यांनी तपास करायचा की खुलासे लिहायचे?

काळा कोट

बंदोबस्त साहेब, तुम्ही मोजलेल्या दारांपैकी सामान्य माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात एकच येतं: अधीक्षक कार्यालयात दिलेला अर्ज. तो अर्ज चौकशीसाठी खाली उतरत उतरत बहुतेक वेळा त्याच उपविभागात येतो आणि अर्जदाराला जबाब द्यायला बोलावलं जातं ते त्याच ठाण्यात. वकिली करताना हे सतत बघतो. निम्मे अर्जदार तिथेच गप्प होतात.

खोट्या तक्रारींचा मुद्दा खरा आहे. पण म्हणूनच तर ऐकणारा न्यायाधीश हवा. खोटी तक्रार फेटाळायची सवय त्याच्याइतकी कोणाला असणार? आणि न्यायालयाने सांगितलेलं प्राधिकरण निवडून आलेल्यांचं नाही. नगरसेवक त्यात बसणार ही भीती मूळ निर्देशाला लागूच होत नाही.

अंतराइतकाच मोठा दोष दुसरा आहे, तो मूळ धाग्यात यायला हवा होता. आपल्या दुरुस्तीत प्राधिकरणाचा अहवाल राज्य सरकारकडे जातो आणि अपवादात्मक परिस्थितीत, कारणं नोंदवून, सरकार तो नाकारू शकतं. न्यायालय म्हणालं होतं बंधनकारक. आपण पळवाट ठेवली. जिल्हा जवळ आणला आणि ही तरतूद तशीच राहिली, तर माणसाचा एसटीचा खर्च वाचेल, एवढंच.

मोहल्ला

तुम्ही सगळे घटना घडून गेल्यानंतरचं बोलताय. मला आधीचं बोलायचं आहे.

भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं एकत्र बसायची आणि ठाण्याचा अधिकारी त्यांच्यात बसायचा, तेही तणाव नसताना. नळाची भांडणं, भाडेकरूंचे वाद, पोरांच्या मारामाऱ्या तिथे यायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

माझ्या मते हीसुद्धा देखरेखच, आणि प्राधिकरणापेक्षा जास्त उपयोगाची. जो हवालदार आठवड्याला तुमच्यासमोर बसतो, तुमच्या पोराचं नाव ओळखतो, तो त्याच पोरावर काठी उगारताना थबकतो. अधिकाऱ्यालाही कळतं की उद्या याच लोकांत बसायचं आहे. न्यायाधीश, वकील, तारखा आल्या की दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. भरवसा कागदावर तयार होत नाही हो.

उंबरठा

मोहल्ला, मनापासून लिहिलंत, पण भिवंडीची गोष्ट तुम्ही १९९३ ला थांबवलीत. २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला, गोळीबार झाला, दोन पोलिसांना जमावाने मारलं. जे एका अधिकाऱ्याने आस्थेने उभं केलं त्याला कायद्याचं बळ नव्हतं. अधिकारी बदलला की कमिटीचं काय होईल, हे नव्या साहेबांच्या मर्जीवर.

मी एका ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर काम केलं आहे. सदस्यांची यादी निरीक्षक बनवतात. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं तेच लक्ष ठेवणारे निवडतात! कोठडीत काय चाललंय हे विचारणारी बाई पुढच्या यादीत नसते. सणाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत तेच पुढारी, तेच सत्कार, तीच भाषणं.

आणि गावपातळीवर 'आपसात मिटवा' याची मला खरोखर भीती वाटते. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे वाद गावात मिटले, कोर्टाच्या खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं. मोहिमेत तडजोडीला पात्र असलेले गुन्हेच मिटवायचे होते. पण गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस मिळायचं. अशा वेळी नवऱ्याने मारलेल्या बाईला 'गावाचं नाव खराब करू नकोस' असं सांगणारे किती निघतात ते आमच्यासारख्यांना विचारा. दलित वस्तीतल्या माणसालाही हेच ऐकावं लागतं. स्थानिक म्हणजे आपलं, हे ज्याच्या हाती गाव आहे त्याला वाटतं. ज्याला गावाचीच भीती आहे, त्याला बाहेरचा न्यायाधीश हवा असतो.

म्हणून मी पायवाट यांच्याशी अर्धीच सहमत. जागा जिल्ह्यात हवी, माणसं जिल्ह्याबाहेरची हवीत.

बंदोबस्त

उंबरठा ताईंचा शेवटचा परिच्छेद मला पटतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांवर लोकनियुक्त आयुक्त नेमायचा प्रयोग झाला. नोव्हेंबर २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदान १५ टक्क्यांच्या आसपास. आता तिथल्या सरकारने २०२८ मध्ये ही पदं बंद करायचं जाहीर केलं आहे. लोकांनाच त्यात रस नव्हता.

एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो, कोणीतरी उत्तर द्या. प्राधिकरणाचा तपास कोण करणार? न्यायाधीश स्वतः पंचनामा करायला जाणार नाहीत. माणसं पोलिसांतूनच घेतलीत, तर ती उद्या परत आमच्याच खात्यात येणार.

काळा कोट

प्रश्न रास्त आहे. उत्तर न्यायालयाने तेव्हाच सुचवलं होतं: निवृत्त तपास अधिकारी घ्या. तुमच्यासारखे. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलीस ओम्बुड्समनचं, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचं, कार्यालय स्वतःच्या तपासनिसांसह चालतं, आणि तिथलं वातावरण आपल्यापेक्षा सोपं नव्हतं.

दुसरं, पुराव्याचं. परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यावर देखरेख करणारी समिती सांगितली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, अधीक्षक यांच्याबरोबर शहराचे महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असं त्या निकालात आहे. ज्याची तक्रारच झाली नाही असा छळ चित्रीकरणात दिसतो का, हे तपासणं हे त्या समितीचं काम आहे. म्हणजे लोकप्रतिनिधीला पोलिसांच्या देखरेखीत जागा आधीच दिलेली आहे, आणि तीही कोणाला अटक करा, कोणाला सोडा हे न सांगता.

पायवाट

माझा मुद्दा नेमका हाच. कोणावर गुन्हा घ्यायचा हे समितीने सांगायचंच नाही. कॅमेरा चालू होता का, फिर्याद घेतली का, निरीक्षकाला दोन वर्षांच्या आत का हलवलं, एवढंच विचारायचं. बंदोबस्त साहेब, शेवटचा प्रश्न तर तुमच्याच बाजूचा आहे. वाळूचा ट्रॅक्टर पकडणाऱ्याची मुदतीआधी बदली झाली तर आज त्याच्या वतीने कोण विचारतं?

उंबरठा यांची सूचना मी मूळ मागणीत घेतो: अध्यक्ष जिल्ह्याबाहेरचे, सुनावणी जिल्ह्यात.

बंदोबस्त

बदलीबद्दल कोणीच विचारत नाही, हे खरं आहे. तेवढं लेखी कारण मागणारं कोणी असेल तर माझा विरोध नाही. बाकी तक्रारींबाबत माझं मत तेच: आधी माणसं भरा, ठाण्यातला तपास आणि बंदोबस्त वेगळे करा. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करणं हाही त्याच सातांपैकी एक निर्देश आहे. त्याचा धागा कोणी काढत नाही.

उंबरठा

काढा की तुम्ही, मी लिहीन त्यात. तोवर एक काम प्रत्येकाला जमेल. आपापल्या विभागीय प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी तक्रारी किती आल्या, सुनावणी कितींची झाली, किती अहवाल सरकारने नाकारले आणि कोणती कारणं नोंदवून. उत्तरं इथेच टाका, अर्जदाराची नावं झाकून.