५०० एमबीपीएसची जोडणी असूनही तारेने जोडलेल्या संगणकावर वेग ९४च्या पुढे का जात नाही?

प्रश्न

घरी ५०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राउटरपासून अभ्यासाच्या खोलीपर्यंत भिंतीतून लॅन केबल टाकलेली आहे, पण तिच्यावरच्या संगणकात वेग तपासला की आकडा दर वेळी ९४पाशी येऊन थांबतो. त्याच खोलीत मोबाइलला वाय-फायवर ३०० ते ३५० मिळतात. तारेची जोडणी बिनतारीपेक्षा वेगवान असते असे आजवर वाचत आलो, त्यामुळे हा उलटा प्रकार कळत नाही. शिवाय मोबाइल आपण राउटरशी ८६६ एमबीपीएसने जोडलेले असल्याचे दाखवतो, मग निदान ५०० तरी पूर्ण का मिळू नयेत? नवा राउटर घेण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते समजून घ्यायचे आहे.

उत्तर १

राउटर इतक्यात बदलू नका, कारण ९४ हा आकडाच दोषाचा पत्ता सांगतो आहे. गर्दीमुळे किंवा सेवेतल्या बिघाडामुळे वेग घटला असता तर तो वरखाली होत राहिला असता. तो एकाच जागी खिळला आहे, याचा अर्थ मार्गातला एखादा दुवा १०० एमबीपीएसवर जुळला आहे. घरगुती इथरनेट १०, १००, १००० अशा ठरावीक पायऱ्यांवरच चालते आणि कोणती पायरी धरायची हे दोन्ही टोकांची उपकरणे जोडणी होताना आपसांत ठरवतात. शंभराच्या पायरीवर हाती ९४-९५च येतात, कारण १५०० बाइटांचे एक पॅकेट पाठवताना फ्रेमचे (म्हणजे पॅकेटभोवतीच्या वेष्टनाचे) शीर्ष, तपासणीचे बाइट आणि दोन फ्रेमांमधले सक्तीचे अंतर धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा खर्ची पडते, आणि त्या १५००मधलेही किमान ४० बाइट आयपी व टीसीपी या इंटरनेटच्या संदेशनियमांच्या शीर्षांत जातात. याच हिशोबाने गिगाबिटवर, म्हणजे हजाराच्या पायरीवर, सुमारे ९४० मिळतात; पूर्ण हजार कधीच नाहीत.

आता दुवा शंभरावर का अडकतो ते पाहू. १९९५ साली प्रमाणित झालेले १०० एमबीपीएसचे इथरनेट केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या वापरते, तर १९९९च्या गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटलेली असली किंवा कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नसली, तरी बहुतेक उपकरणे कोणतीही सूचना न देता शंभरावर उतरतात, आणि इंटरनेट सुरळीत चालत असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तेथे १०० दिसले तर संगणक राउटरजवळ नेऊन चांगल्या, आखूड केबलने थेट जोडा. तेव्हा १००० दिसले तर दोष भिंतीतल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकांत आहे. तरीही १००च राहिले तर दोहोंपैकी एका उपकरणाचे पोर्टच तेवढ्या क्षमतेचे आहे. खोक्यावर १२०० असे ठळक छापलेल्या कित्येक राउटरांची लॅन पोर्टे आजही १०० एमबीपीएसचीच असतात, आणि ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितली जायला हवी असे मला वाटते. महागड्या केबलची गरज नाही: कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट व्यवस्थित पेलते.

उत्तर २

वाय-फायच्या प्रश्नाबद्दल. ८६६ हा दोन अँटेना आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, उत्तम सिग्नल असताना रेडिओ ज्या गतीने बोलू शकतो तो दर आहे. मात्र वाय-फायवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. पाठवणे आणि घेणे त्याच लहरींवर आळीपाळीने होते, दर खेपेनंतर पोच द्यावी लागते आणि बोलण्याआधी चॅनेल मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. म्हणून राउटर समोर असतानाही ५०० ते ६०० मिळाले तर ते उत्तमच समजावे. मध्ये भिंत आली की दर उतरतो, त्यामुळे तुमचे ३५० अगदी स्वाभाविक आहेत. राउटरवरचा १२०० हा आकडा तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची बेरीज असते, आणि मोबाइल साधारणपणे एका वेळी त्यांतल्या एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो.

प्रश्नकर्ता

आखूड केबलने थेट जोडल्यावर लिंक स्पीड १००० दिसला आणि चाचणीत ४८० मिळाले. म्हणजे दोष भिंतीतल्या केबलचा. ती बदलणे शक्य नसेल तर विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारे अडॅप्टर घ्यावेत का?

उत्तर ३

आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे बसवा आणि केबल टेस्टरने आठही तारा तपासा. दोष भिंतीच्या आत असण्यापेक्षा टोकाशी असण्याची शक्यता बरीच जास्त असते. पॉवरलाइन अडॅप्टर हा माझ्या मते शेवटचा पर्याय आहे. त्यांच्यावर छापलेला १००० किंवा १२०० हा आकडा प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही जात नाही, कारण विजेची तार संदेशासाठी बनवलेली नसते, घरातली उपकरणे तिच्यात गोंगाट मिसळतात, आणि दोन खोल्या वेगवेगळ्या सर्किटवर असल्या तर वेग आणखी घसरतो. घ्यायचेच झाले तर पोर्ट गिगाबिट असल्याची खात्री करा आणि अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डात न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. त्या खोलीपर्यंत टीव्हीची कोअॅक्सियल केबल आलेली असेल आणि ती वापरात नसेल, तर तिच्यावरून नेटवर्क नेणारे मोका २.५ अडॅप्टर कितीतरी सरस ठरतील. त्यांवर तुमचे ५०० पूर्ण मिळायला हरकत नाही.

कोणताही बदल केल्यावर इंटरनेटच्या वेगचाचणीवर विसंबू नका, कारण तीत बाहेरची जोडणीही मोजली जाते. राउटरला तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी आयपर्फ ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने चाचणी घ्या, म्हणजे केवळ घरातल्या दुव्याचा वेग कळेल.