जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक: आधी दोष शोधायचा की सरसकट सगळं बदलायचं?

मिडलँडकर (धागाकर्ता)

राहतो कॉव्हेंट्रीला. दारात १९९२ ची माझदा एमएक्स-५ आहे. पहिली पिढी, १.६ लिटर, उघडमीट करणाऱ्या हेडलाइटवाली. एबीएस नाही. ऊन पडलं की टप उघडून बाहेर काढायची गाडी, रोजच्या कामाची नाही.

एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलून आणलं आणि तेव्हापासून पेडल बसायला लागलं. पहिल्या दाबाला ब्रेक नीट लागतो, पण सिग्नलला पाय हलका टेकवून ठेवला की पेडल हळूहळू खाली सरकतं. सोडून परत दाबलं की पुन्हा वर. बाटलीतल्या ऑइलची पातळी जैसे थे, चाकांपाशी कुठे ओल नाही. शिवाय जरा जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते.

त्याच गॅरेजने यादी दिली: मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा पंप), चारही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे), चारही होज (चाकांकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या), डिस्क, पॅड, आणि 'हात घातलाच आहे तर' बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा). गाडी जुनी आहे, सगळं बदललेलं बरं, एवढंच कारण. कशात दोष आहे असं विचारलं तर उत्तर नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हे निदान नव्हे, हा हात झटकण्याचा प्रकार आहे. पेडल बसणं आणि गाडी ओढणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचा माग घरच्या घरी काढता येतो. जुन्या गाडीच्या बाबतीत तर आधी दोष शोधणं जास्तच गरजेचं, कारण तिथे दहा गोष्टी संशयास्पद दिसतात आणि त्यातली एखादीच गुन्हेगार असते. तुम्हाला काय वाटतं?

नळस्टॉप

साहेब, मला अजिबात पटलं नाही. कार्ब्युरेटर असता तर म्हटलं असतं, बसा खुशाल रविवारभर शोधत. हे ब्रेक आहेत. गाडीचं वय बघा. त्यातलं रबरही तेवढ्याच वयाचं असेल तर कोणता तुकडा आधी फाटणार यावर पैज लावण्यात काय हशील?

दुसरं म्हणजे हायड्रॉलिक्समध्ये एक सांधलं की दुसरं उसवतं. आज मास्टर नवा टाकलात. त्याचा दाब पूर्ण बसला की जो कॅलिपर आतापर्यंत कसाबसा तग धरून होता तो पाझरायला लागेल. मग परत गाडी जॅकवर, परत ऑइल सांडा, परत हवा काढा. मजुरी तिकडे तासावर असते ना? एका दमात सगळं नवं करा आणि विषय संपवा. गॅरेजवाल्याला कारण सांगता आलं नाही हे खरं, पण त्याची यादी चूक नाही.

मिडलँडकर

नळस्टॉप, नवा भाग म्हणजे निर्दोष भाग हे तुम्ही गृहीत धरलंय. बाजारात मिळणारे बरेच कॅलिपर जुनेच असतात, उघडून साफ करून रंगवलेले. त्यांच्या स्लाइड पिनला (जिच्यावर कॅलिपर सरकतो) ग्रीस लावलेलं असेलच असं नाही. आणि डावा-उजवा अदलाबदल होऊन बसला तर हवा काढायचं निपल वरच्या ऐवजी खाली येतं. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते, बाटलीभर ऑइल ओतलंत तरी पेडल स्पंजीच. एकदम दहा भाग बदलले आणि तरीही पेडल बसलं, तर शोधायला कुठून सुरुवात करणार? संशयितांची यादी तेवढीच, वर नव्या चुकांची भर.

मिशिगनवासी

दोन्ही बाजूंचं वाचलं. मी धागाकर्त्याच्या बाजूचा, पण शोधायचं तर क्रमाने शोधा.

आधी हे ठरवा की पेडल खरंच बसतंय का. इंजिन चालू असताना बूस्टरची मदत असते. तेव्हा पायाने जोर लावून धरला तर धडधाकट गाडीतही पेडल थोडं खाली जातं, आणि ते बघून लोक उगाच मास्टर बदलतात. म्हणून इंजिन बंद करा, पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधली निर्वात पोकळी संपवा, मग हलक्या पायाने धरून ठेवा. हलका पाय महत्त्वाचा. मास्टरमधली रबरं जोरात दाबल्यावर भिंतीला घट्ट चिकटतात आणि खोटं बोलतात. हलक्या दाबाला गळती उघडी पडते. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलंत की पेडल जरासं खाली यायला हवं. आलं तर बूस्टर ठीक, यादीतला तो खर्च तिथेच खोडा.

इंजिन बंद असतानाही पेडल सरकत राहिलं आणि बाहेर गळती नसेल, तर ऑइल मास्टरच्या आतच एका बाजूने दुसरीकडे निसटतंय. एक अपवाद. मास्टरचं मागचं सील गेलं असेल तर ऑइल थेट बूस्टरमध्ये उतरतं, बाहेर थेंब दिसत नाही. तेव्हा पातळी मात्र घटते. तुमची घटत नाही म्हणता. तरी मास्टर जिथे बूस्टरला बसतो त्या सांध्याखाली बोट फिरवा. रंग फुगून सुटत असेल तर ऑइल झिरपतंय, ब्रेक ऑइल रंग खातं.

आणि हो, बाटली ब्रेकचीच बघताय ना? या गाडीत क्लचही हायड्रॉलिक आहे, त्याची छोटी बाटली वेगळी असते.

हातोडीकाका

मी कोल्हापूरला वर्कशॉप चालवलं, आता पोरगं बघतंय. ह्यो रोग लई जुना हाय. ऑइल बदलल्यावरच पेडल का बसलं त्ये कुणीच सांगंना.

रोज गाडी चालवताना पेडल निम्म्यापर्यंतच जातं. म्हणजे मास्टरमधली वायसर (रबरी सीलं) नळीच्या तेवढ्याच भागात पुढं-मागं करतात, तो भाग आरशागत राहतो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरातच नाही. ऑइल पाणी ओढतं, ते पाणी तिथं बसून गंज धरतं. मग हवा काढणारा पोरगा पेडल पार तळाला हाणतो. वायसर त्या गंजावरनं घासत जातं, त्याची कड फाटते. झालं की काम! म्हणून आम्ही जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचो, पाय तळाला जाऊच द्यायचा नाही.

आता तुला सगळं बदलायची गरज नाही लेका. मास्टर खोल, किट (नव्या वायसरचा संच) टाक, चालतंय की.

नळस्टॉप

काका, तुमचं म्हणणं माझ्याच पथ्यावर पडतंय. गंज आधीपासून होता, म्हणजे मास्टर आधीच गेलेला होता. ऑइल बदललं नसतं तर तोच तुकडा एखाद्या दिवशी खरोखर जोरात ब्रेक मारताना फाटला असता, कारण तेव्हाच पेडल तळाला जातं. गॅरेजने मोडला म्हणा की उघड केला म्हणा. मास्टरच्या आतली ही गत असेल तर त्याच ऑइलमध्ये भिजलेल्या कॅलिपरच्या पिस्टनची काय असेल? तुम्ही एका जागी गंज बघून बाकीच्यांना निर्दोष सोडताय.

मिशिगनवासी

नळस्टॉपचा हा मुद्दा आजवरचा सगळ्यात चांगला. ऑइल किती जुनं होतं ते महत्त्वाचं. डॉट-४ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. उतारावर उकळण्याची भीती सगळ्यांना असते, आतून गंजण्याचं कुणाच्या गावीही नसतं.

पण काकांच्या किटला माझा विरोध. नळीला खड्डे पडले असतील तर नवं वायसरही महिन्याभरात फाटणार.

हातोडीकाका

आरं, खड्डा हाय का नाय ते बघूनच टाकायचं. नळी पुसायची, उजेडात धरायची आणि नख फिरवायचं. नख अडकलं तर मास्टर भंगारात. नुसता डाग असला तर किट. नख खोटं बोलत नाही.

मांडवीकाठ

इथे 'सगळं नवं टाका' म्हणणाऱ्यांचा हेवा वाटतो. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यातच बनलेली टू-सीटर. फायबरची बॉडी, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन. तयार होणं केव्हाच थांबलं. दुकानात नाव सांगितलं तर आधी समजावून सांगावं लागतं की हे काय असतं. माझ्यासारख्याने यादी करून आणायची कुठून? प्रत्येक भाग खोलून, मापून, दुसऱ्या कुठल्या गाडीचं रबर बसतं ते पडताळूनच पुढे जावं लागतं. त्यात शिकायला मिळतं हे खरं, पण ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी पावसाळाभर झाकून ठेवायची तयारी हवी. वर समुद्राची खारी हवा आहेच.

नळस्टॉप

मांडवीकाठ, तुमचा नाइलाज आहे, सलाम. यांचा नाही. एमएक्स-५ २०१६ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेली, जगात सगळ्यात जास्त खपलेली टू-सीटर स्पोर्ट्स कार म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. तिचे भाग इंग्लंडात घरपोच मिळतात. असं असताना नख फिरवत बसायचं म्हणजे हौस झाली.

मिशिगनवासी

नळस्टॉप, भाग मिळतो म्हणून तो खराब आहे असं सिद्ध होत नाही ना.

मिडलँडकर, पुढची पायरी. मास्टरवर संशय आहे तर त्याला एकटं पाडा. बरेच जण रबरी होजना चिमटे लावून चारही चाकांकडे जाणारं ऑइल बंद करतात, मग पेडल दाबून बघतात. पेडल तरीही बसलं तर मास्टर, दगडासारखं झालं तर एकेक चिमटा सोडत जायचं. पद्धत तर्कशुद्ध आहे, पण तुमच्या होजवर मी ती वापरणार नाही. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, चिमट्याखाली आतला थर फाटतो आणि त्याची झडप तयार होते. दाब चाकाकडे जातो, परत येत नाही. त्यापेक्षा मास्टरच्या तोंडाचे पाइप सोडा आणि तिथे बंद प्लग आवळा. तुमच्या गाडीत १० मिलिमीटरचा, १ च्या पिचचा आटा आहे. थोडी हवा काढली की पेडल हलता कामा नये.

ओढण्याचं वेगळं. गाडी डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक वेळा उजवीकडचा ब्रेक कमी लागतोय. लोक डावं चाक खोलतात आणि वेळ घालवतात.

पानापकड

वाचतोय. एक भर: एखादं चाक गरम होत असेल, ब्रेक सुटत नसेल, तर चाक उचलून त्याचं निपल किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे होज किंवा मास्टर. चाक तसंच जाम राहिलं तर कॅलिपरच धरलाय. दोन मिनिटांचं काम, एक छोटा पाना आणि फडकं पुरतं. यातही 'सगळं बदला' म्हणणारे असतील तर नमस्कार.

मिडलँडकर

करून बघितलं, सांगतो.

इंजिन बंद, हलका पाय: पेडल सरकतं. इंजिन चालू करताना जरासं खाली येतं, म्हणजे बूस्टर ठीक. मास्टरच्या तोंडाला प्लग लावले तरी सरकतंच. म्हणजे दोषी मास्टर. खोलून उजेडात धरला. वापरातला भाग लखलखीत आणि त्याच्या पुढे तपकिरी कडं. काकांचं नख चक्क अडकलं. किट टाकली नाही, नवा मास्टर मागवला. बाकावर शिकंज्यात धरून आधी त्यातली हवा काढली, मग बसवला. पेडल आता वर आणि घट्ट.

ओढण्यासाठी एका चाचणी केंद्रात विनंती करून गाडी रोलरवर घेतली. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांच्या ब्रेकमध्ये ३० टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर गाडी नापास होते, त्यामुळे यंत्र प्रत्येक चाकाचा जोर वेगळा दाखवतं. पुढचं उजवं चाक खरंच ढिलं निघालं. कॅलिपर उघडला, पिस्टन बोटांनी सरकतोय, पण खालची स्लाइड पिन कोरडीठाक, रबराचा बूट फाटलेला, आत हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठाचा पांढरा चुरा. आतला पॅड आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीत डोळ्यांना दिसेल एवढा फरक. पिन घासून, ब्रेकचं ग्रीस लावून, नवा बूट टाकून परत बसवली. ओढणं गेलं.

मागचे हॅण्डब्रेकही जुळवून घेतले. या गाडीत मागच्या कॅलिपरच्या पाठीमागचा एक बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरवायचा स्क्रू आहे. तो सैल असेल तर पेडलचा बराचसा प्रवास तिथेच वाया जातो. हे त्या यादीत कुठेच नव्हतं, कारण यात विकण्यासारखा भागच नाही.

नळस्टॉप

अभिनंदन, मनापासून. पण हिशेब मांडू. मास्टर बदलावाच लागला, म्हणजे यादीतली पहिली ओळ बरोबर. पुढचा कॅलिपर खराब होताच, तुम्ही तो वाचवलात इतकंच. एका पिनेत मीठ शिरलं तर उरलेल्या तीन कॅलिपरच्या पिना बघितल्या का? आणि ज्या होजवर मिशिगनवासी चिमटा लावायला घाबरतात, त्या होजवर तुम्ही मोटरवेने ७० मैलांनी जाणार? याचं उत्तर निदानवाल्यांनी द्यावं.

मिशिगनवासी

हा मुद्दा मान्य. होजची आतली बाजू डोळ्यांनी दिसत नाही, तिथे निदान थकतं. होज वय बघूनच बदलायचे. डिस्क-पॅडचं तसं नाही, ते मोजता येतात. मोजा आणि मगच फेका.

मिडलँडकर

बाकीच्या तिन्ही कॅलिपरच्या पिना बघितल्या, ठीक आहेत. होज चारही बदलतोय. नळस्टॉप, ही तुमच्या यादीपुढे शरणागती नाही. डिस्क, कॅलिपर आणि बूस्टर जागेवर राहणार. एक विचारायचं होतं: स्टीलच्या जाळीचे घेऊ की साधे रबरी?

हातोडीकाका

साधे रबरी घे. जाळीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि ती जाळी कशाला घासली तर त्यालाच कापती. घेताना होजवर छापलेली तारीख बघ, दुकानाच्या फळीवर पडून म्हातारं झालेलं असतंय. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पार टोकापर्यंत फिरव आणि पीळ पडतोय का बघ. आणि हवा काढताना ठोकळा विसरू नको, मास्टर नवा असला तरी.

नळस्टॉप

जाळीवाल्यांना पेडल जास्त घट्ट लागतं काका, फरक पायाला कळतो. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे परत भांडण नको.