राजगड ते तोरणा धारेच्या वाटेबाबत मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगावचे चौघे जण येत्या डिसेंबरात राजगडाच्या संजीवनी माचीवरील आळू दरवाजातून उतरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर जाण्याच्या विचारात आहोत. आमचा सराव म्हणजे रविवारचा येळ्ळूरचा राजहंसगड; तिथे गडापर्यंत गाडीच जाते, त्यामुळे त्याला सराव म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे.

खरी अडचण माझ्या धाकट्या भावाची आहे. मागील वर्षी जेमतेम दोन पावलांच्या एका धारेवर वाळलेल्या गवतावरून त्याचा पाय घसरला. कारवीचा बुंधा हाती लागला म्हणून तो सावरला, परंतु तेव्हापासून दोन्ही बाजूंना दरी दिसली की तो खाली बसतो आणि बसल्या बसल्याच पुढे सरकतो. तरीही येण्याचा हट्ट त्याचाच आहे.

तोरणा १४०३ मीटर उंच असल्याने दमल्यावर शेवटी बुधल्याचा चढ चढण्यापेक्षा तोरण्याहून राजगडाकडे येणे त्याला सोपे पडेल, की घसाऱ्यावर उतरणेच अधिक धोक्याचे ठरेल? सोबत किती लांबीचा दोर घ्यावा? ही वाट स्वतः चाललेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.