मदत हवी आहे: मोरोक्कोतल्या फेस शहरात सकाळचा स्थानिक नाश्ता कुठे करावा?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन मोरोक्कोत फेसला चाललोय. मुक्काम मदिनात, म्हणजे तटबंदीच्या जुन्या शहरात, बाब बूजलूद या वेशीजवळ. नाश्ता मुक्कामाच्या ठिकाणीही मिळेल, पण मला तिथली माणसं सकाळी जिथे उभ्या-उभ्या खातात तिथे जायचंय.

सगळ्यात जास्त ओढ आहे ती बिसाराची. सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि जिरेपूड, सोबत गरम पाव. आमच्या पिठलंप्रेमी घरात हे नक्की आवडेल. शिवाय म्समेन ही चौकोनी घडीची पदरदार पोळी, बघरीर हे जाळीदार धिरडं मध-लोण्यासोबत, हरशा ही रव्याची जाड भाकरी, आणि पुदिन्याचा चहा.

तला कबीरा किंवा र्सीफ भागात बिसाराची चांगली टपरी कुणाला माहीत आहे का? किती वाजता गेलं तर ताजं मिळतं? शुक्रवारी मदिनातली बरीच दुकानं बंद असतात, मग त्या दिवशी कुठे जावं?

आई पूर्ण शाकाहारी आहे. खलीअ म्हणजे चरबीत टिकवलेलं सुकं मांस तिथे अंड्यांत घालतात, आणि काही म्समेनच्या सारणातही चरबी असते असं वाचलंय. हे दुकानदाराला दारिजात (मोरोक्कोच्या बोली अरबीत) नेमकं कसं विचारायचं, तेही कृपया सांगा.