बेल्टला तेल नको

साखळीऐवजी दातेरी बेल्टवर चालणाऱ्या सायकलचा बेल्ट पावसात कुरकुरतो म्हणून त्यावर तेल सोडू का, असं एकाने विचारलंय. कृपा करून सोडू नका! तेलाला माती धरते. साध्या पाण्याने धुवा, नायलॉनच्या ब्रशने घासा. तरी आवाज आलाच तर सुक्या बेल्टवर थोडा सिलिकॉन स्प्रे. ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका.

खरा त्रास आपल्या सोलापूरच्या काळ्या मातीचा. पातळ चिखल स्प्रॉकेटच्या, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो त्या दातेरी चक्राच्या, खाचांतून निघून जातो, ही मात्र पुट्टीसारखी दातांच्या बुडाशी थापली जाते. मग बेल्ट वर उचलला जातो, ताण वाढतो, चाकाच्या मधल्या हबच्या बेअरिंगवर भार येतो. शेतातून बाहेर पडलात की ओली असतानाच लाकडी काडीने खरवडा, वाळली की दगड. स्क्रूड्रायव्हर घालू नका. बेल्ट काढलाच तर मुडपू नका, आतले कार्बनचे धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.